कॅलगरीत मुलाच्या दारातला बर्फ काढायचाय, वय ६३, कसं करावं?

उदगीरचे_मास्तर

नमस्कार सगळ्यांना. आम्ही उदगीर तालुक्यातले, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालोय. मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो, सूनबाईची डिलिव्हरी जानेवारीत आहे म्हणून मी आणि आमची मंडळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडं जायलोत, चार महिन्याचा मुक्काम आहे. आता अडचण अशी की मुलाचं काम फोर्ट मॅकमरीकडं तेलाच्या साइटवर, दोन आठवडे तिकडं कॅम्पात आणि एक आठवडा घरी. म्हणजे तो नसताना घरात मी, मंडळी, अवघडलेली सून आणि पुढं बारकं लेकरू. दारापुढं गाडी लावायची सिमेंटची जागा आहे, ड्राइव्हवे म्हणतेत, दोन गाड्या शेजारी शेजारी बसतील एवढी, आणि तिच्यापुढं फुटपाथ. बर्फ पडला की हे सगळं घरवाल्यानंच साफ करायचं असतं म्हणे, फुटपाथ सुद्धा.

मुलगा म्हणतो बाबा तुम्ही हात लावायचा नाही मी बघतो. कसा बघतो, कॅम्पात बसून? रात्री-अपरात्री सुनेला दवाखान्यात न्यायचं झालं आणि गाडीच निघाली नाही तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? मी आत्ता आत्तापर्यंत शेतात टिकाव-खोरं चालवलेला माणूस आहे, वीतभर बर्फ लोटायला काय लागतंय असं मला वाटतंय. पण आपण बर्फ बघितलेला तो रसवंतीवरचा, नाहीतर २०१४ च्या गारपिटीत रानात पसरलेला, त्याच्यामुळं अंदाज येईना. खोरं कसलं घ्यावं, किती वेळ लागतो, मीठ टाकतेत म्हणे ते कधी आणि कोणतं? आमच्या मंडळींचं म्हणणं दोन बादल्या गरम पाणी वतलं की झालं, ते चालतंय का? तिकडं राहणाऱ्यांनी सांगावं, पोराला विचारलं की तो विषयच बंद करतो.

परभणी_ते_कॅलगरी

रामराम मास्तर. मी कॅलगरीतच आहे, नॉर्थ-ईस्टला, त्यामुळं इथलंच सांगतो.

पहिलं म्हणजे गरम पाणी बिलकुल नाही. काकूंना सांगा उणे पंधरात वतलेलं पाणी बघता बघता गोठतंय आणि मग खाली जी काच तयार होते ती फावड्यानं निघत नाही, टिकावासारखं आइस चॉपर घेऊन फोडावी लागते, त्यात सिमेंटचे टवके उडतात ते वेगळंच.

दुसरं, तुमच्या डोक्यात जे खोरं आहे ते विसरा. इथं दोन प्रकार मिळतात, एक उचलून फेकायचं, खोलगट, आणि एक नुसतं लोटायचं, रुंद आणि थोडं वाकलेलं पातं, लांब दांडा, त्याला पुशर म्हणतात. तुम्हाला पुशरच पाहिजे. लातूरच्या मोंढ्यात हमाल सोयाबीनचा पसारा फळीनं लोटत लोटत ढिगाला लावतो ना, तो काय दाणा दाणा उचलून टाकत नाही, तसंच करायचं, पातं जमिनीला टेकवून चालत राहायचं. मधोमध एक पट्टा काढायचा, मग तिथून डावीकडं-उजवीकडं लॉनवर लोटायचं. पहिला बर्फ पडेल तेव्हा तो लॉनवर जरा आतपर्यंत न्या, कडेलाच ठेवला तर जानेवारीपर्यंत दोन्ही बाजूला भिंती उभ्या राहतेत आणि मग लोटायला जागाच उरत नाही, उचलून डोक्यावरून फेकायची पाळी येते आणि खरी कंबर तिथं जाते.

पडायचा थांबेपर्यंत वाट बघायची नाही. चार बोटं साचला की एक हात फिरवायचा, परत साचला की परत, दोन वेळा हलकं काम केलेलं एकदाच्या जड कामापेक्षा कितीतरी बरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे नवीन माणसाला कुणी सांगत नाही, साफ करायच्या आधी त्याच्यावरून गाडी काढायची नाही. टायरखाली दबलेला बर्फ म्हणजे दगड, बाकी सगळा निघून जातो आणि ते दोन पट्टे सिमेंटला चिकटून महिनाभर राहतेत, पाय घसरतो तो नेमका त्याच्यावरच.

आता मीठ. साधं जाडं मीठ म्हणजे रॉक सॉल्ट हे साधारण उणे नऊ-दहापर्यंतच नीट काम करतं, त्याच्याखाली ते नुसतं पडून राहतं. कॅलगरीत जानेवारीत उणे वीस-पंचवीस काही विशेष नाही. तेव्हा पिशवीवर कॅल्शियम क्लोराइड लिहिलंय का बघा, ते बरंच खालपर्यंत चालतं, पण मूठभरच टाकायचं आणि हातमोजे घालून, कातडीला झोंबतं. सिमेंट नवीन असेल, वर्षाच्या आतलं, तर कुठलंच मीठ टाकू नका, वरचा थर सोलून निघतो. नुसती वाळू टाकली तरी चालतंय, ती वितळवत नाही पण पाय धरून ठेवते, आणि थंडी कितीबी असो, वाळूला काही फरक पडत नाही.

फुटपाथचं म्हणाल तर इथला नियम आहे, बर्फ पडायचा थांबला की २४ तासाच्या आत सिमेंट दिसेपर्यंत साफ पाहिजे. ड्राइव्हवेला नियम नाही, तो तुमचा तुम्ही बघा. आणि काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही, त्याचाही दंड आहे.

एक गोष्ट खास कॅलगरीकडची, चिनूक. रॉकी पर्वतावरून पश्चिमेचा कोरडा गरम वारा उतरतो आणि काही तासात उणे वीसचं शून्याच्या वर जातं. लोक खुश होतात, बर्फ आपोआप जायला लागतो, छपराच्या पाइपातून पाणी वाहतं, फुटपाथवर पसरतं, आणि रात्री परत गोठलं की सकाळी नुसता ओला रस्ता दिसतो पण तो ओला नसतो. बर्फ पडलेल्या दिवसापेक्षा चिनूकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त जपा, वाळू टाकायची ती त्या दिवशी.

बीडचा_खटपट्या

मास्तर तुमचा विषय वाचून हसू बी आलं अन् रडू बी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आपण, अन् हे लोक दारात आलेलं पाणी फावड्यानं लोटून बाजूला टाकायलेत. एवढ्या जागेत किती लिटर होत असंल हो?

परभणी_ते_कॅलगरी

@बीडचा_खटपट्या हिशोब सोपाय. दोन गाड्यांची जागा म्हणजे सहा बाय सहा मीटर धरा, ३६ चौरस मीटर. त्याच्यावर १५ सेंटीमीटर बर्फ म्हणजे ५.४ घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ ढोबळमानानं दहा भागाला एक भाग पाणी, म्हणजे ५४० लिटर, वजन साडेपाच क्विंटल. आणि मार्च-एप्रिलात जो ओला पडतो तो ह्याच्या दुप्पट-तिप्पट जड, तेवढ्याच उंचीला अकरा ते सोळा क्विंटल होतंय. मास्तर, वीतभर म्हणालात ना, ते ह्याच्याही वर जातंय.

मिनेसोटा_मन्याड

ब्लोअर घ्यायला लावा पोराला, विषय संपला. मी मिनियापोलिसला आहे, मूळ गाव मन्याड नदीच्या काठचं. एवढ्याशा ड्राइव्हवेला बॅटरीवरचा सिंगल-स्टेज, म्हणजे एकाच फिरत्या पात्याचा, पुरे, ढकलत न्यायचा, तो बर्फ उचलून बाजूला उडवतो. बॅटरी घरात ठेवायची, गॅरेजात ठेवली तर थंडीनं अर्ध्या वाटेत मान टाकते. पेट्रोलचा घेतला तर बंद गॅरेजात चालू करायचा नाही, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि त्याचं तोंड बर्फानं चोंदलं तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. आतल्या पात्याला ताण राहिलेला असतो, बर्फ निघाला की ते झटक्यात एक फेरा मारतं आणि बोटं जातात. मशीनबरोबर प्लॅस्टिकचा दांडा येतो तो त्यासाठीच असतो, लोक तो पहिल्याच दिवशी हरवून बसतात.

अजून एक, आमच्याकडं रस्ता साफ करणारा प्लाउ येतो तो जाता जाता तुमच्या साफ केलेल्या ड्राइव्हवेच्या तोंडावर गुडघाभर बांध घालून जातो, आणि तो भुसभुशीत नसतो, रस्त्यावरचा मळलेला, ढेकळं ढेकळं असलेला. त्याला एक युक्ती आहे. घराकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं, तुमच्या डाव्या हाताला रस्त्याच्या कडेनं तीन-चार मीटर जागा मोकळी करून ठेवायची. तिकडं गाड्या उजवीकडून चालतात त्यामुळं प्लाउ डावीकडनंच येतो, त्याच्या पात्यावरचा माल त्या खोबणीत रिकामा होतो आणि तुमच्या तोंडावर थोडाच पडतो.

परभणी_ते_कॅलगरी

ते खरंय पण कॅलगरीत गल्लीबोळात प्लाउ क्वचित येतो हो, मोठ्या रस्त्यांवर आधी. तो बांध मास्तरांच्या वाट्याला फारसा येणार नाही. ब्लोअरचं मात्र बरोबर आहे.

नांदेडचा_डॉक्टर

मास्तर, बाकीचे खोऱ्याबद्दल बोलतायत, मी तुमच्याबद्दल विचारतो. बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, घरात कुणाला कमी वयात हार्टचं काही? शेवटचा ईसीजी कधी काढलाय?

उदगीरचे_मास्तर

डॉक्टरसाहेब बीपीची गोळी चालू आहे पाच-सहा वर्षं झाली. शुगर काठावर म्हणतेत. बिडी-काडी कधीच नाही. ईसीजी रिटायरमेंटच्या वेळेस काढला होता. पण तब्येत ठणठणीत आहे, रोज सकाळी फिरणं आहे माझं.

नांदेडचा_डॉक्टर

ठणठणीत असाल, पण फिरणं आणि हे काम ह्यात फरक आहे तो समजून घ्या, मग काय करायचं ते ठरवा.

चालताना पायाचे मोठे स्नायू काम करतात, रक्त खेळतं राहतं. फावडं उचलताना पाय जागेवर आणि सगळा जोर हातावर, आणि हाताच्या कामाला हृदयाला तेवढ्याच मेहनतीत जास्त ताण पडतो. जड उचलताना आपण नकळत दम रोखतो, त्या क्षणाला बीपी एकदम वर जातं. त्यात थंड हवेनं रक्तवाहिन्या आकसलेल्या, हृदयाच्या सुद्धा. म्हणजे हृदयाला जेव्हा जास्त रक्त पाहिजे नेमकं तेव्हाच पुरवठा कमी. शिवाय लोक हे काम सकाळी उठल्या उठल्या करतात, त्या वेळेला मुळातच धोका थोडा जास्त असतो. शेतात तुम्ही जन्मभर राबलात ते उन्हात, तिथं शरीर दमल्याचं लवकर सांगतं. थंडीत माणसाला दमल्याचं कळत नाही, घाम दिसत नाही म्हणून तो रेटत राहतो.

हे मी घाबरवायला सांगत नाही, आकडे आहेत. कॅनडातल्याच क्यूबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ च्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली छापून आला, त्यात २० सेंटीमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांचं हार्ट अटॅकनं मरणाचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं वाढलेलं दिसलं, बायकांच्यात तसं नाही. आणि अमेरिकेतल्या १९९० ते २००६ च्या नोंदी घेतल्या तर बर्फ काढताना दुखापत होऊन वर्षाला सरासरी साडेअकरा हजार लोक दवाखान्यात आले, बहुतेक कंबर आणि स्नायूचेच. हृदयाचे त्यात साधारण ७ टक्केच होते, पण जे मेले ते सगळे त्या ७ टक्क्यातले.

तेव्हा जायच्या आधी ईसीजी आणि जमलं तर टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, करून घ्या, उदगीरला होते नाहीतर लातूरला. रिपोर्ट चांगला आला तरी नुसतं लोटायचं, उचलायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं काम, मग आत येऊन बसायचं. आधी घरातच पाच मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करा. पोटभर जेवून लगेच बाहेर जाऊ नका. छातीत आवळल्यासारखं, जबडा किंवा डावा हात दुखणं, एकदम घाम, मळमळ, ह्यातलं काहीही झालं तर गॅस झालाय म्हणून ओवा खात बसू नका, ९११ ला, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावायचा, सुनेला आणि काकूंना हा नंबर आत्ताच पाठ करायला लावा.

औंढ्याची_लेक

काका, राग मानू नका पण मी जरा वेगळं बोलते. मी टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला आहे, आईबाबा दोनदा येऊन गेलेत, हाच वाद आमच्याही घरात झालाय. तुमचा मुलगा महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस घरी नसतो, घरात गरोदर बायको, हे त्याला माहिती आहे, मग सीझनचं कॉन्ट्रॅक्ट त्यानंच द्यायला पाहिजे. बर्फ पडला की माणूस येऊन काढून जातो, काहीशे डॉलर लागतात पूर्ण हिवाळ्याचे, तेलाच्या साइटवर काम करणाऱ्याला ते जड नाही. फक्त ऑक्टोबरमध्येच ठरवावं लागतं, नंतर कुणी नवीन गिऱ्हाईक घेत नाही. माणूस लगेच येईलच असं मात्र नाही, सगळ्यांच्या दारात एकाच वेळी बर्फ पडतो ना, दुपार होते कधी कधी. म्हणून गाडी गॅरेजात ठेवा आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंत गाडीच्या रुंदीचा एकच पट्टा तुम्ही लोटून ठेवा, दोन गाड्यांचा पूर्ण चौक चकाचक करायची गरजच नाही. दवाखान्याला जायला तेवढं पुरतं.

दुसरं इन्शुरन्सचं. सुपर व्हिसावर, म्हणजे तिकडं स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना मिळणाऱ्या जास्त मुदतीच्या व्हिसावर, येत असाल तर किमान एक लाख डॉलरचं कव्हर एक वर्षासाठी लागतंच, पण नुसती रक्कम बघू नका. बीपी हा आधीचा आजार धरतात आणि बऱ्याच पॉलिसींत अट असते की अमुक इतके महिने गोळी आणि डोस तोच पाहिजे. डॉक्टरसाहेब म्हणतायत ती तपासणी करायचीच, पण आत्ता करा, तिकीट हातात पडल्यावर नाही. निघायच्या पंधरा दिवस आधी डोस बदलला आणि तिकडं काही झालं तर कंपनी हात वर करते. घसरून खुबा मोडला तर दवाखान्याचं बिल बघूनच दुसरं दुखणं लागतं.

आणि हे कुणीच सांगितलं नाही म्हणून, घराच्या बाहेरच्या भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर आलेले असतात, हीटिंगच्या फर्नेसचे, एक हवा घ्यायचा आणि एक धूर सोडायचा. वाऱ्यानं त्यांच्यापुढं बर्फ साचला तर फर्नेस बंद पडते किंवा धूर घरात फिरतो. बाळ घरात असताना ड्राइव्हवे राहिला तरी चालेल पण ते पाइप मोकळे पाहिजेत. ते काम काकू पण करू शकतात, झाडूनं होतं. गेल्यावर पहिल्या दिवशी मुलाला विचारून ते कुठंयत बघून ठेवा.

फौजी_कंधार

जय हिंद मास्तर. मी द्रासला होतो, पोस्टचं छप्पर अन् वाट रोज काढावी लागायची, त्याच्यावरनं दोन शब्द. सुती बनियन घालून बाहेर निघायचं नाही. आपल्याकडं थंडी म्हणलं की आत बनियन, वर शर्ट, वर स्वेटर. काम करताना बनियन घामानं वलं होतं अन् थांबलात की ते अंगावरच गार पडतं, मग हुडहुडी थांबत नाही. आत लोकरीचं किंवा थर्मल, मधी उबदार, वर वारं अडवणारं जाकीट, अन् घाम यायच्या आधीच जाकिटाची चेन उघडायची. काम सुरू करताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाही वाजली तर कपडे जास्त झालेत असं समजायचं.

मोजे दोन घालायचे म्हणून बूट आवळू देऊ नका, रक्त थांबलं की बोटं आधी जातेत. हातमोज्याचे दोन जोड ठेवा, एक वला झाला की दुसरा. लोखंडाला उघडा हात लावू नका. कान झाका, मफलर चालतंय. बूट रबरी तळाचे, खाचा असलेले, अन् चालताना पाऊल सपाट टाकायचं, बारीक बारीक, हात खिशात नाही.

फावड्याला बर्फ चिकटायला लागला की प्रत्येक फेऱ्याला दोन किलो वजन फुकटचं वाढतं. पात्याला मेणबत्ती घासा नाहीतर स्वयंपाकाचं तेल पुसा, घसरत जातो.

बीडचा_खटपट्या

तेल लावलेलं फावडं अन् ९११ पाठ केलेली काकू. मास्तर, तुमची पूर्ण पलटण तयार झाली.

उदगीरचे_मास्तर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, याच आठवड्यात लातूरला जाऊन टीएमटी करतो. ताई, तुमचा राग कशाचा, खरंच आहे ते. रात्री मुलाला फोन केला, कॉन्ट्रॅक्टचं आधीच बघितलंय म्हणाला, मला सांगितलं नव्हतं एवढंच. पाइपाचं मात्र त्याला पण ध्यानात नव्हतं, फोटो पाठवतो म्हणालाय. त्याला म्हणलं एक पुशर आणून ठेव, गाडीपुरता पट्टा मी लोटणार आणि तेवढ्यावर तू काही बोलायचं नाही. बरं म्हणाला, पण बरं म्हणायला वेळ लागला.

गरम पाण्याचं मंडळींना सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही.

एक राहिलं, हे थर्मल, बूट, हातमोजे इथून घेऊन यावेत का तिकडं घ्यावेत? लातूरला दुकानात चांगले दिसले.

परभणी_ते_कॅलगरी

थर्मल तिथून आणा, विमानतळावरून घरी येईपर्यंत लागतीलच. बूट आणि हातमोजे इथंच घ्या, लातूरच्या दुकानदारानं उणे पंचवीस कधी बघितलेलं नाही. बूट घेताना मोजा घालूनच माप बघा, एक नंबर मोठा लागतो. बॅगेत जी जागा उरेल तिच्यात सुनेसाठी डिंक-मेथीचे लाडू भरा, ते मात्र इथं उदगीरसारखे मिळत नाहीत.